तुम्ही विचारलेत म्हणून: मुंबईत एकच दिवस हाताशी असेल तर

गावाकडून येणारे नातेवाईक असोत की परदेशातून सुटीवर आलेले मित्र, मला सगळे हमखास एकच प्रश्न विचारतात: मुंबईसाठी एकच दिवस आहे, काय पाहावे? माझे उत्तर ठरलेले आहे. सकाळी भायखळ्याला उतरावे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाने उत्तरेकडे शीवच्या दिशेने चालत निघावे. चालायचे ते पुलाखालून, कारण 2011 मध्ये लालबागचा उड्डाणपूल सुरू झाल्यापासून गाडीतून जाणाऱ्याला लालबाग दिसतच नाही, दिसतात त्या फक्त इमारतींच्या वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या.

भायखळ्यात राणीच्या बागेत फार वेळ घालवू नये, मात्र 1872 मध्ये खुल्या झालेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती अवश्य पाहावा. घारापुरीला ज्याच्यामुळे एलिफंटा हे नाव पडले, तोच हा हत्ती.

लालबागमध्ये मात्र सावकाश चालावे. गणपतीच्या दिवसांत येथे पाय ठेवायला जागा नसते आणि राजामुळे लालबागचे नाव सर्वदूर पोहोचले आहे, हे खरेच. पण मला विचाराल तर लालबाग पाहायचे ते ऐन उन्हाळ्यात, मसाल्याच्या दिवसांत. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरच्यांची पोती दुकानांसमोर उघडी असतात; बायका मिरची हातात घेऊन, मोडून, वास घेऊन निवडतात, तेथेच भाजून घेतात आणि डंकावर आपला नंबर लागला की पदर नाकाला लावून यंत्राशेजारीच उभ्या राहतात, कारण दुसऱ्याचा घाणा आपल्या मसाल्यात मिसळलेला त्यांना चालत नाही. कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांनी गिरण्यांच्या भोंग्यावर जगलेल्या या वस्तीची चव अजून तेथे टिकून आहे. गिरण्या मात्र राहिल्या नाहीत. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, त्यातले असंख्य पुन्हा कामावर गेलेच नाहीत, आणि आज त्या जमिनींवरच्या मनोऱ्यांत राहणाऱ्यांना खालची चाळ कोणाची होती हे सांगणारे फारसे कोणी उरलेले नाही. याची मला मनापासून खंत वाटते.

परळला आलात की रस्त्याच्या नावाकडे नीट लक्ष द्यावे. महापुरुषांची नावे रस्त्यांना सगळीकडेच दिली जातात, परंतु या रस्त्याने बाबासाहेबांचे आयुष्य प्रत्यक्ष पाहिले आहे. पोयबावडीतल्या बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळीतल्या दोन खोल्यांत त्यांच्या कुटुंबाने वर्षानुवर्षे संसार केला; जवळच्या दामोदर हॉलमध्ये 9 मार्च 1924 रोजी जी सभा झाली, तिच्यातूनच अस्पृश्यांच्या उन्नतीसाठीची बहिष्कृत हितकारिणी सभा ही संस्था उभी राहिली; आणि 1930च्या दशकाच्या सुरुवातीला ते ज्या ‘राजगृहा’त राहायला गेले, ती ग्रंथांसाठी बांधलेली वास्तू याच रस्त्यालगत, दादरच्या हिंदू कॉलनीत आहे. 1896 च्या प्लेगने मुंबई हादरल्यावर सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. परळची ती चाळ याच ट्रस्टची आणि दादर-माटुंग्याची आखीव वस्तीही त्याचीच. म्हणजे कामगारांच्या चाळीपासून झाडांच्या सावलीतल्या कॉलनीपर्यंतचे जे अंतर शहराने आखून ठेवले होते, ते बाबासाहेबांनी याच रस्त्यावर ओलांडले. ज्या समाजात ते जन्मले, त्या समाजासाठी हे अंतर किती मोठे होते, हे चालताना आपोआप लक्षात येते.

परळची चाळ आणि दादरची हिंदू कॉलनी यांच्या मध्ये हिंदमाता लागते. कापडाच्या घाऊक बाजारासाठी आणि पावसाळ्यात पाणी तुंबण्यासाठी प्रसिद्ध असलेला हा भाग बशीसारखा खोलगट आहे. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस कोसळला की पाण्याला समुद्राकडे जायला वाट राहत नाही. अलीकडे महापालिकेने जवळच्या मैदानांखाली टाक्या बांधून ते पाणी साठवण्याची सोय केली आहे. तरीही जुलैत येणाऱ्यांनी भरतीची वेळ पाहूनच घराबाहेर पडावे, हे बरे.

दादर टीटीला खोदादाद सर्कलभोवतीच्या इमारती पाहाव्यात. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस; 31 मार्च 1964 रोजी मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून येथवर आली होती. पुढे उजव्या हाताला पारशी कॉलनी आणि मग माटुंगा. तेथे इडली आणि फिल्टर कॉफी घ्यावी, मोगऱ्याच्या वेण्या विकणाऱ्यांकडे डोकवावे आणि पुलाखालच्या बागेत थोडा वेळ बसावे. पुलाखालच्या त्या जागेत वाहने उभी राहू नयेत म्हणून रहिवाशांनी आग्रह धरला आणि नर्मदेच्या पात्राच्या वळणांप्रमाणे आखलेली पायवाट तेथे झाली. मुंबईतल्या इतर पुलांखालीही असे का होऊ नये, असा प्रश्न मला तेथे दरवेळी पडतो.

शीवच्या पुढे हाच रस्ता पूर्व द्रुतगती महामार्गाला मिळतो, तेथे पायी जाण्यात अर्थ नाही. पाय दुखू लागले तर माटुंगा-शीव हा टप्पा बसने गाठला तरी चालेल. पोयबावडी ते हिंदू कॉलनी एवढे अंतर मात्र चालतच जा.