पुणे ते गणपतीपुळे किनाऱ्याकिनाऱ्याने : खारं पाणी, वाळू आणि चेन

दसरा झाला की कोकणात उतरायचं हे आमचं दरवर्षीचं ठरलेलं. यंदा मी आणि धाकटा भाऊ, दोन मोटरसायकली, माझी हिमालयन 411 आणि त्याची पल्सर एनएस 200. चार दिवस, साधारण 700 किमी. पुणे, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत हरिहरेश्वर, मग बागमांडला-वेश्वी जेट्टीने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) खाडीपलीकडे जाऊन वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली, तिथून दाभोळ-धोपावे, गुहागर, तवसाळ-जयगड आणि गणपतीपुळे. समुद्र, देवळं, मासे यावर भरपूर लिहिलं गेलंय, ते सगळं आहेच सुंदर. मी चेनबद्दल लिहितोय, कारण या रस्त्यावर गाडीच्या सगळ्यात जास्त हाल होणारा पार्ट तोच आहे आणि निघण्याआधी त्याच्याकडे कोणी बघत नाही.

पहिला दिवस निवांत. परतीचा पाऊस ताम्हिणीत भेटला, मुळशीच्या पुढे रस्त्यावर वाहून आलेली माती होती, ती चाकाने उडून थेट चेनवर. निघताना भावाने चेनला ल्यूबचा (वंगणाचा) भरपूर स्प्रे मारला होता, पण जुनी काळी घाण न काढता वरूनच. हे लई जण करतात आणि इथेच चुकतं. आधीच्या धुळीवर चिकट ल्यूब मारला की त्याची पॉलिश पेपरसारखी पेस्ट होते आणि प्रत्येक फेरीला ती चेनचे रोलर आणि स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या पुढच्या-मागच्या दातेरी चकत्यांचे, दाते घासत राहते. आधी साफ, मग कोरडी, मग ल्यूब, हा क्रम कधीच बदलायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागमांडल्याला जंगल जेट्टी. ओहोटी होती, उतार खालपर्यंत उघडा पडलेला, शेवाळाने निसरडा. बोटीची फळी जिथे टेकते तिथे घोट्याएवढं खारं पाणी येत-जात होतं आणि आमच्या दोन्ही गाड्या त्यातूनच चढल्या. पुढे आडे-पाडल्याचा रस्ता, समुद्र अगदी हाताशी, वाऱ्याने वाळू रस्त्यावर पसरलेली. तिथे फोटोसाठी भाऊ गाडी घेऊन ओल्या वाळूवर उतरला. मी नको म्हणत होतो, तो म्हणाला दादा दोनच मिनिटं. रात्री आंजर्ल्यात घरगुती राहण्याची सोय होती, सोलकढी, सुरमई, आडवं पडणं, गाड्यांकडे कोणी बघितलंच नाही.

सकाळी भावाची चेन तांबूस दिसत होती. एका रात्रीत. मीठ वाळलं तरी हवेतला दमटपणा ओढत राहतं, त्यामुळे कोकणात गाडी उभी असतानाही गंज चालूच असतो. गाडी सुरू करून अंगणातून बाहेर काढली तर टक्... टक्... असा आवाज, सावकाश गेलं की एकेक, वेग वाढवला की भरभर. हर्णैच्या अलीकडे एका गॅरेजवर दाखवलं, तिथल्या माणसाने न बघताच चेन ढिली आहे म्हणून सांगितलं आणि ती सतारीच्या तारेसारखी ताणून दिली. आवाज गेला नाहीच, वर एक किरकिर चालू झाली. गडी चांगला होता, पैसेही घेतले नाहीत, पण चेन टाईट करणं हा प्रत्येक आवाजावरचा इलाज नसतो.

शेवटी हर्णै बंदराजवळ सावलीत थांबलो आणि स्वतः करायचं ठरवलं. माझ्याकडे चेन क्लीनरचा डबा होता तो दोन गाड्यांना पुरणार नव्हता. रॉकेल हल्ली सहज मिळत नाही. होडीवर काम करणाऱ्या एका काकांनी विचारलं काय झालं रे पोरांनो, आणि आतून अर्धी बाटली डिझेल आणून दिलं, सोबत जाळं विणायच्या दोऱ्याचा गुंडा पण, पुसायला. म्हणाले आमच्या इंजिनाला पण मीठच खातं.

आधी दोन बादल्या साधं गोडं पाणी चेनवर ओतलं, मीठ आणि वाळू निघायला. पाणी फडक्याने टिपलं. मग डिझेल जुन्या टूथब्रशवर घेऊन चारही बाजूंनी, वरून, खालून, दोन्ही कडांनी घासलं. तारेचा ब्रश अजिबात नको, चेनच्या पट्ट्यांमध्ये बारीक रबरी ओ-रिंग असतात, आतल्या पिनचं कंपनीतून भरलेलं ग्रीस त्या धरून ठेवतात, त्या फाटल्या की ग्रीस बाहेर आणि पाणी आत, मग कितीही ल्यूब मारा. पेट्रोलने सुद्धा ते रबर खराब होतं, म्हणून पेट्रोल नाही. डिझेल-रॉकेल चालतं पण भिजत ठेवायचं नाही, घासून लगेच पुसून टाकायचं, आणि टायरवर, ब्रेकच्या डिस्कवर उडू द्यायचं नाही, आम्ही मध्ये पुठ्ठा धरला होता. पहिलं फडकं निघालं ते काळं, दुसरं तपकिरी, आणि त्यात बोटांना वाळू लागत होती.

आणि मग ती कडी सापडली. मागचं चाक उलटं हळूहळू फिरवत चेनच्या खालच्या बाजूकडे बघत बसायचं. सगळ्या कड्या स्प्रॉकेटवरून सुटल्या की सरळ होतात, एक मात्र वाकलेलीच राहते, कोपर मोडल्यासारखी. तिच्या दोन पट्ट्यांच्या फटीत वाळूचा कण आणि गंज अडकला होता. डिझेलचे थेंब सोडले, पाच मिनिटं थांबलो, मग दोन्ही हातांनी पकडून वर-खाली आणि जरा आडवं हलवत राहिलो. आधी करकर, मग मऊ झाली. असं चारपाच वेळा केल्यावर ती बाकीच्यांसारखी लोंबायला लागली. टकटक बंद.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. चाक हातानेच फिरवायचं, इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. गाडी चालू करून गिअर टाकून फिरत्या चेनला फडकं लावणारे मी स्वतः बघितलेत. फडकं अडकलं की बोट चेन आणि स्प्रॉकेटच्या मधे जातं, आणि ते परत येत नाही. वेळ वाचतो म्हणून असलं काही करू नका, मुलांनाही शिकवू नका.

माझ्या गाडीला डबल स्टँड आहे, काम सोपं. एनएसला नाही, तिथे एकाने गाडी साइड स्टँडवर आपल्याकडे तिरकी करून मागचं चाक जरा उचलून धरायचं आणि दुसऱ्याने फिरवायचं. एकटे असाल तर गाडी वीतभर पुढे ढकलत ढकलत तेवढाच भाग साफ करत जायचं, वेळ लागतो पण होतं.

मग चेनचा ताण. चेन खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली करून बघायची, किती हलायला हवी ते स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, बऱ्याच गाड्यांना 20 ते 30 मिमी किंवा 25 ते 35 मिमी. गॅरेजवाल्याने ताणल्यावर भावाची जेमतेम 10 हलत होती. वर सामान, खड्डा आला की सस्पेन्शन दबतं आणि चेन अजून ताणली जाते, त्याचा सगळा मार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर आणि स्प्रॉकेटवर. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजायचं, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, जिथे सगळ्यात टाईट लागेल तिथला मापाचा आकडा धरायचा. ॲक्सलचा (मागच्या चाकाच्या आसाचा) नट ढिला करून दोन्ही बाजूचे चाक मागे-पुढे करणारे ॲडजस्टर सारखे फिरवले, स्विंगआर्मवरच्या खुणा दोन्हीकडे जुळवल्या, नट परत घट्ट. खुणा जुळल्या नाहीत तर चाक तिरकं चालतं आणि टायर-चेन दोन्ही लवकर जातात. निघण्याआधी घरीच बघा तुमच्या ॲक्सलला किती नंबरचा पाना लागतो, टूलकिटमधल्या पान्याने तो नट सुटतो का तेही एकदा करून बघा. आमचा सुटत नव्हता, काकांच्या होडीवरचा पाना आणि त्याला पाइप लावून सुटला.

ल्यूब मारायचा तो चेनच्या आतल्या बाजूला, म्हणजे खालून जाणाऱ्या चेनच्या वरच्या अंगाला, फिरताना तो बाहेरच्या दिशेने आपोआप पसरतो. एक पूर्ण फेरी, पातळ थर, मग अर्धा तास थांबून वरचं जादा पुसून टाकायचं. संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर चेन गरम असते तेव्हा मारलेला सगळ्यात चांगला, रात्रभर मुरतो. सकाळी मारून लगेच निघालात की निम्मा मागच्या चाकावर. स्प्रे नसेल तर 90 नंबरचं गिअर ऑइल कुठल्याही ऑइलच्या दुकानात मिळतं, ब्रशने लावायचं, जरा जास्त उडतं पण काम चोख करतं. घट्ट ग्रीस थापू नका, वाळू धरून ठेवतं.

तिसऱ्या दिवसापासून आम्ही नियमच केला. दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा दोन जेट्ट्या होत्या. (दाभोळची फेरी 2003 पासून आहे, नाहीतर वाशिष्ठीला चिपळूणकडून वळसा घालावा लागायचा.) उतरल्यावर पाणी दिसलं तर थांबून बाटलीभर गोडं पाणी चेनवर. मुक्कामाला गेल्यावर यजमानांना एक बादली आणि टाकायचं फडकं मागायचं, कोकणात कोणी नाही म्हणत नाही, फक्त त्यांच्या अंगणात, तुळशीजवळ तेल सांडू नका, खाली कागद घाला. वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा पाइप चेनवर जवळून मारायचा नाही, पाणी ओ-रिंगच्या आत घुसतं. दोन्ही गाड्यांना मिळून रोज वीस मिनिटं. सपाट रस्त्यावर कोरड्या हवेत 500 किमीला एकदा केलं तरी चालतं, इथे मात्र रोज.

चौथ्या दिवशी गणपतीपुळ्याहून निवळी, मग हायवेने संगमेश्वर, चिपळूण आणि कुंभार्ली घाट चढून पाटण, उंब्रज, सातारा, पुणे. हायवेला कामं चालू होती तिथे खूप धूळ होती. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढताना भाऊ हेल्मेटमधून ओरडला, दादा आता आवाजच नाही.

घरी आल्यावर दोन्ही चेन परत धुतल्या. माझी ठीक आहे. भावाच्या चेनला मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागून बोटाने ओढलं तर निम्मा दाता उघडा दिसतोय आणि पुढच्या स्प्रॉकेटचे दाते एका बाजूला आकड्यासारखे वळलेत. म्हणजे चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, पूर्ण सेट बदलायचा, नुसती चेन नाही, नाहीतर झिजलेले दाते नवी चेन दोन महिन्यांत खाऊन टाकतील. येत्या रविवारी घरीच बसवणार आहोत, जुन्या सेटमधली ती अडकलेली कडी भावाने चावीच्या रिंगला लावायची म्हणून मागून ठेवलीये.