पन्हाळा ते करपेवाडी : पावनखिंड मोहिमेचा पहिला दिवस

पावनखिंड मोहीम पावसातच करायची, असं आमच्या तालमीतली जुनी मंडळी सांगतात. महाराज सिद्दी जौहरचा वेढा फोडून निघाले ते जुलै 1660 मध्ये, आषाढी पौर्णिमेच्या रात्री. उन्हाळ्यात त्या वाटेचा अंदाजच येत नाही.

पन्हाळ्यावर बाजीप्रभूंच्या पुतळ्याला हार घातला, गारद म्हणजे महाराजांच्या नावाची ललकारी झाली, आणि धुक्यातनंच आम्ही गड उतरायला लागलो. राजदिंडीची, म्हणजे महाराज ज्या वाटेनं गडाबाहेर पडले तिची ही बाजू. दगड शेवाळलेले, त्यामुळं पाऊल आडवं टाकत, काठी आधी रोवूनच उतरावं लागतं. आमच्या पुढं चालणारे मामा पोरांना बजावत होते, ‘‘घाई करू नका रं, आज गुडघं संपवलासा तर उद्या काय करशीला?’’ पन्हाळा ते पावनखिंड 50 किलोमीटरच्या वर चाल आहे आणि निम्म्याहून जास्त पहिल्याच दिवशी उरकावी लागते.

तुरुकवाडी मागं पडली की मसाई पठाराची चढण. वर आलं की एकदम सगळं सपाट. जांभ्या दगडाचा सडा, त्यावर हिरवळ, खळग्यांत साचलेलं पाणी आणि आडवा पाऊस. धुकं दाटलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, म्हणून सगळे एकमेकांना हाका मारत चालत होते. मसाई देवीच्या देवळात टेकलो. चपाती आणि खर्डा भिजू नये म्हणून पाठीचा आडोसा करून खाल्ला. तिथं वेफर्सची रिकामी पाकिटं पडलेली बघून जिवाला लागलं. पोरांनी न सांगता पोतं काढलं आणि मावतील तेवढी गोळा केली. मोहिमेला येणाऱ्या प्रत्येक गटानं एवढं तरी करावं, हे माझं कळकळीचं सांगणं आहे.

पठार उतरलं की कुंभारवाडी, खोतवाडी. खरी परीक्षा इथनं पुढं. झाडीतली वाट म्हणजे वाहता ओढाच. बांधावर पाय ठेवावा तर घसरतो, खाचरात ठेवावा तर पोटरीपर्यंत आत. बूट चिखलानं असा धरून ठेवला की एकानं खांद्याला आधार दिल्यावरच पाय सुटला. बाजूला रोप लावण चालली होती. इरलं घेतलेल्या बायका त्याच चिखलात वाकून झपाझप लावत होत्या. त्यातल्या एक आजी म्हणाल्या, ‘‘अंगठा रोवून चाला, टाच न्हवं.’’ तसं चालल्यावर पाय ठरायला लागला.

तिथंच भोयांचा विचार मनात आला तो दिवसभर गेला नाही. बाजीप्रभू, बांदलांची फौज, महाराजांचं रूप घेऊन दुसऱ्या पालखीतनं शत्रूच्या हाती गेलेले शिवा काशीद, यांची नावं आपण घेतो आणि घ्यायलाच हवीत. पण ह्याच चिखलातनं, रात्री, खांद्यावर पालखी घेऊन पळणारे जे होते, त्यांची नावं मला कुणी सांगितलेली नाहीत. माझ्या पाठीवर साधी सॅक होती. ती एका खांद्यावर घेऊन थोडं पळून बघितलं, तर लगेच तोल जायला लागला. त्यांनी तर चौघांचं पाऊल एक ठेवायचं, पालखी कलू द्यायची नाही, वर मागं शत्रू. खिंडीत पोचल्यावर मी पहिला नमस्कार त्यांना घालणार आहे.

मांडलाईवाडीच्या पुढं जळवांनी गाठलं. तंबाखूचं पाणी मोज्यांना लावलेलं होतं, तरी दोन-चार चढल्याच. मीठ लावलं की सुटतात. ओढून काढू नये, जखम चिघळते.

करपेवाडीत पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. एका घराच्या सोप्यात मुक्कामाची सोय केलेली. काकींनी आधी पाय धुवायला गरम पाणी दिलं, मग तांदळाची भाकरी, पिठलं आणि वाफाळता भात. पैसे देताना त्या पुन्हा पुन्हा ‘‘असू दे की’’ म्हणत होत्या. मामांनी ते त्यांच्या पोराच्या हातात ठेवले. मोजे पिळून चुलीजवळच्या दोरीवर टाकले. उद्या पहाटे आंबेवाडीकडं निघायचं, पांढरपाण्यावरनं दुपारपर्यंत खिंड गाठायची असं ठरलं.