ठमीच्या किडन्या आणि आमची वही

मांजराच्या किडन्या निकामी होत चालल्या आहेत असं डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यांसमोर येतं ते डायलिसिस. आमच्या घरातही पहिला प्रश्न तोच निघाला. पण ठमीचा आजार सांभाळताना आम्हाला हॉस्पिटलपेक्षा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याशी, वाळूच्या ट्रेशी आणि एका वहीशी जास्त काम पडलं. उतारवयातल्या मांजरांमध्ये हा आजार फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. तो बरा होत नाही, पण बऱ्याच मांजरांमध्ये सावकाश पुढे सरकतो, आणि त्या काळात मांजर कसं जगतं हे बहुतांशी घरच्यांच्या हातात असतं.

ठमी पंधराव्या वर्षात आहे. काहीतरी बिनसलंय हे आधी ट्रेवरून कळलं. वाळूत लघवीचे गोळे मोठे आणि जास्त यायला लागले. किडनी बिघडली की लघवी कमी होते असा सर्वसाधारण समज आहे, आणि अगदी शेवटच्या टप्प्यात तसं होतंही. त्याआधी मात्र बरोबर उलट घडतं. किडनीला लघवी दाट करता येईनाशी होते, त्यामुळे शरीरातलं पाणी धरून ठेवता येत नाही. पातळ लघवी भरपूर होते आणि ती तूट भरून काढण्यासाठी मांजर सारखं पाणी पितं. तेव्हा ‘किती पाणी पिते ही’ म्हणून वाटी उचलून ठेवणं फार घातक. आम्ही उलट घरभर रुंद तोंडाच्या वाट्या ठेवल्या, कारण मिशा कडेला घासल्या की ठमी वाटीपासून दूर होते.

तपासण्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ. हा आकडा सगळे विचारतात, पण किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम थांबेपर्यंत तो फारसा वर सरकत नाही. शिवाय क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. म्हातारं मांजर वाळलेलं असलं की स्नायूच कमी, म्हणून आकडा आहे त्यापेक्षा बरा दिसतो. त्यासाठी सोबत एसडीएमए हा रक्तातला आणखी एक आकडा बघतात. तो स्नायूंवर अवलंबून नसतो आणि लवकर वाढतो. लघवीचा दाटपणा, लघवीतून जाणारं प्रथिन, फॉस्फरस, पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि बीपी हेही लागतं. आमच्या डॉक्टरांनी थायरॉइडचीही तपासणी करायला लावली. वाढलेल्या थायरॉइडमुळे किडनीकडे रक्त जास्त जातं आणि तिचा बिघाड झाकला जातो, हे मला तेव्हाच कळलं. ठमीचं थायरॉइड ठीक निघालं. क्रिएटिनिन ३.४ होतं. २.९ ते ५.० म्हणजे चारपैकी तिसरा टप्पा. पण एकाच रिपोर्टवरून त्यांनी टप्पा पक्का केला नाही. अंगातलं पाणी कमी असलं तरी आकडा चढतो, म्हणून तिला सावरू देऊन पुन्हा रक्त काढलं.

खरी कसोटी लागली ती खाण्यापाशी. किडनीसाठी वेगळं खाद्य मिळतं. त्यात फॉस्फरस कमी असतो, प्रथिनं बेताची पण चांगल्या प्रतीची असतात. फॉस्फरस आवाक्यात राहिला तर आजाराचा वेग मंदावतो आणि मांजराला बरं वाटतं, म्हणून या खाद्याला खरंच औषधाइतकं मोल आहे. मी ते लगेच सुरू करायच्या तयारीत होते. डॉक्टर म्हणाले, “थांबा, आधी तिची मळमळ थांबवू. मळमळत असताना नवं खाद्य पुढं ठेवलंत तर तिच्या डोक्यात त्या वासाची आणि मळमळीची गाठ बसेल. मग ती ते कायमचं नाकारेल.” हा सल्ला मी भेटेल त्या मांजरवाल्याला सांगते.

मळमळ ओळखायला शिकावं लागतं, कारण प्रत्येक वेळी उलटी होतेच असं नाही. ठमी भुकेनं वाटीकडे यायची, हुंगायची आणि तोंड फिरवून निघून जायची. मधूनच ओठ चाटायची, लाळ गिळायची. बघणाऱ्याला वाटावं, नखरे चाललेत. तिला मळमळीवर मॅरोपिटंट सुरू झालं आणि भुकेसाठी मिर्टाझापिनचं मलम. ते कानाच्या पाळीच्या आतल्या बाजूला लावायचं असतं आणि माणसाच्या कातडीतूनही शोषलं जातं, म्हणून हातमोजे घालूनच. मलमानं ती खायलाही लागली आणि भलतीच बोलकीही झाली. तिच्या त्या म्यावम्यावनं घर पुन्हा भरल्यासारखं वाटलं.

मग जुन्या खाद्यात चमचाभर नवं मिसळत, दर आठवड्याला थोडं वाढवत गेलो. काही दिवस ती नव्याला तोंडही लावत नसे. अशा दिवशी आम्ही तिचं जुनं ओलं खाद्य द्यायचो आणि त्यात फॉस्फरस बांधून ठेवणारी पावडर कालवायचो. ही पावडर जेवणासोबतच द्यावी लागते. आतड्यात अन्नातल्या फॉस्फरसला धरून ती बाहेर नेते, रिकाम्या पोटी दिली तर तिला धरायला काही सापडत नाही. या बाबतीत माझं मत पक्कं आहे. मांजर उपाशी राहण्यापेक्षा त्यानं आवडीचं खाल्लेलं केव्हाही बरं. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते आणि एकाचे दोन आजार होतात. ‘भूक लागली की खाईल मुकाट’ हा हिशेब मांजराला लागू पडत नाही.

घरी सलाईन द्यायची कल्पना ऐकून मला घाम फुटला होता. हे सलाईन शिरेतून नसतं. दोन खांद्यांमधली सैल कातडी तंबूसारखी वर उचलायची आणि तिच्या बुडाशी सुई सरकवायची. ठमीला एक दिवसाआड १०० मिली रिंगर लॅक्टेट सांगितलं आहे. हे प्रमाण प्रत्येक मांजराचं वेगळं असतं, आणि हृदय कमकुवत असेल तर जादा पाणी फुप्फुसांवर येऊ शकतं, म्हणून ते डॉक्टरांनीच ठरवायचं. पिशवी आधी कोमट पाण्यात ठेवावी. अंगाला गार लागलं नाही की मांजर निम्मं शांत राहतं. मनगटाच्या आतल्या बाजूला नळी टेकवून ऊब बघावी. पिशवी उंचावर टांगली की काम लवकर उरकतं. सुई दरवेळी नवी. पाणी कातडीखाली गोळा होऊन कधी पुढच्या पायापर्यंत ओघळतं, तो फुगवटा पाहून घाबरायला होतं, पण काही तासांत तो जिरतो. आमच्याकडे नवरा पिशवी धरतो, मी सुई लावते आणि ठमी समोरच्या ताटलीतलं चाटत बसते.

आईनं एकदा हे सगळं पाहिलं आणि तिला राहवलं नाही. “अगं, या वयात त्या मुक्या जिवाला सुया कशाला टोचतेस? राहू दे की तिला सुखानं.”

तिचा प्रश्न रास्त होता, म्हणून मी तो डावलला नाही. म्हटलं, “आई, तू उद्या सकाळी बघ तिला.” दुसऱ्या दिवशी ठमी खिडकीपर्यंत चढून गेली आणि आल्यावर वाटी साफ केली. सलाईनची पिशवी दिसताच ती पलंगाखाली दडून बसली असती, तर मी स्वतःच डॉक्टरांना दुसरा मार्ग विचारला असता. काही मांजरांना सुई सोसत नाही. त्यांच्या घरच्यांनी सलाईन थांबवलं तर त्यांना कोणी बोल लावू नये.

बीपीबद्दल मात्र मी आग्रहानं सांगते, कारण त्याकडे सहज दुर्लक्ष होतं. किडनीच्या आजारात मांजराचं बीपी वाढू शकतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मग एके दिवशी डोळ्याचा पडदा सुटतो आणि मांजर आंधळं होतं. बाहुल्या मोठ्या राहतात, ते भिंतीला धडकतं. ठमीचं बीपी १६० च्या वर गेलेलं तपासणीत सापडलं म्हणून वेळेवर ॲम्लोडिपिन हे बीपीचं औषध सुरू झालं. दवाखान्यात गेल्या गेल्या मोजलं तर भीतीनं आकडा वाढतो, त्यामुळे तिला आधी काही वेळ शांत बसू देतात, पट्टा बांधून अनेकदा मोजतात आणि सरासरी काढतात. दर तपासणीला हे करून घ्यायचंच.

बाकी बारीकसारीक पुष्कळ. अंगात पाणी कमी म्हणून शी घट्ट होते, त्यावर लॅक्टुलोज, शी मऊ करणारं औषध. पोटॅशियम घसरलं तर मान खाली झुकते, मांजर लुळं चालतं. ट्रेची कड कमी उंचीची हवी. घरातली वेदनाशामकं कुलपात ठेवावीत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. लिलीची फुलं तर घरात येताच कामा नयेत, तिचे परागकणसुद्धा धडधाकट मांजराच्या किडन्या बंद पाडतात.

आता वही. तिच्यात रोज खाणं, उलटी, लघवीचे गोळे, शी आणि सलाईन लिहितो आणि आठवड्याला वजन. वजनासाठी तान्ह्या बाळांचा काटा घेतला. माणसांच्या काट्यावर १०० ग्रॅमचा फरक कळतच नाही, आणि चार किलोच्या मांजराचे १०० ग्रॅम म्हणजे काही थोडे नव्हेत. एकदा दोन रिपोर्टांच्या मधे सगळं ठीक वाटत होतं, पण वहीत वजन हळूहळू उतरताना दिसलं. डॉक्टरांना फोन केला, तपासणी झाली. क्रिएटिनिन होतं तिथंच होतं, पण एक दाढ किडली होती. दुखत होतं म्हणून ती अर्धं टाकत होती. आधी आणि नंतर सलाईन देऊन, बीपीवर लक्ष ठेवून, भूल देऊन दाढ काढली. ‘किडनी आहे, आता भूल नकोच’ असं सरसकट म्हणून चालत नाही, हे डॉक्टरांनी समजावलं नसतं तर आम्हीही कचरलो असतो.

शेवटाबद्दलही आम्ही बोलून ठेवलंय, ती बरी असतानाच. औषधं देऊनही ती खाईना, अंग चाटून साफ करीना, माणसांपासून दूर जाऊन बसायला लागली आणि वहीत वाईट दिवस चांगल्यांपेक्षा जास्त दिसू लागले, तर ओढत न्यायचं नाही. डॉक्टर घरी येऊन तिला शांतपणे निरोप देतील असं ठरलं आहे. हे बोलताना नवरा रडला, मीही रडले. पण निर्णय त्या दिवसाच्या घालमेलीवर सोडायचा नाही, हे दोघांनाही पटलं. सध्या वहीत चांगलेच दिवस जास्त आहेत. गेल्या रिपोर्टात हिमोग्लोबिन जरा उतरलंय, कारण रक्तपेशी तयार करायला लावणारं हार्मोन किडनीच बनवते. पुढच्या तपासणीला ते आणखी खाली गेलं असेल तर त्या हार्मोनच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारायचं, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.