ब्रिज माझा, कवळी आईची

पडलेल्या दाताच्या जागी काय बसवायचं ते त्या रिकाम्या जागेपेक्षा शेजारच्या दातांवर जास्त ठरतं. आमच्या घरात मला ब्रिज (शेजारच्या दातांवर टेकवून पक्का बसवलेला खोटा दात) बसला आणि आईला काढती-घालती कवळी, आणि गंमत म्हणजे दोघींना हवं होतं बरोबर उलटं. आईला "एकदाच काय ते पक्कं बसवून टाका" हवं होतं आणि मला शेजारचे दात घासून घ्यायचे नव्हते.

माझी गेली ती खालची उजवी ४६ नंबरची दाढ, म्हणजे ४ ही खालची उजवी बाजू आणि ६ म्हणजे पुढच्या मधल्या दातापासून मोजत गेलं तर सहावा दात. ही सहाव्या-सातव्या वर्षी येते आणि दुधाचा कुठलाच दात न पडता मागून गुपचूप येते, त्यामुळे घरच्यांना तो दुधाचाच दात वाटतो आणि कीड लागली तरी "पडेल की" म्हणून सोडून देतात. चावायचं सगळ्यात जास्त काम हीच करते, जातेही हीच आधी.

जागा रिकामी ठेवली तर काय होतं, असं बरेच जण विचारतात, मागची दाढ कुणाला दिसतेय! दिसत नाही खरं, पण मागची दाढ हळूहळू पुढे कलायला लागते, वरची दाढ समोर टेकायला काही नाही म्हणून खाली उतरायला लागते, दोन दातांत फटी पडून अन्न अडकतं. मग काही वर्षांनी दात बसवायला जावं तर जागाच वाकडी झालेली असते. घाई करूनही चालत नाही म्हणा, दाढ काढल्यावर हिरडी आणि हाड भरून स्थिर व्हायला दोन-तीन महिने तरी थांबवतात.

माझ्यापुढे इम्प्लांटचा (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) पर्याय होताच, पण खर्च ऐकून मी तो विषय तिथेच संपवला. ब्रिजसाठी पुढची ४५ आणि मागची ४७ दोन्ही चहूबाजूंनी घासून बारीक करायचे, त्यावर कॅप, आणि दोन कॅपना जोडून मधे खोटी दाढ. चावायच्या बाजूने दीड-दोन मिलिमीटर तरी घासतात आणि एकदा गेलेलं इनॅमल (दाताचं वरचं कवच) परत येत नाही. ते दोन्ही दात धडधाकट असते तर मी सरळ नाही म्हणाले असते. पण ४५ ची रूट कॅनाल आधीच झालेली, तिला कॅप लागणारच होती, आणि ४७ मधे अर्धी दाढ सिमेंटच भरलेलं. म्हणजे घासायला चांगलं असं फार उरलंच नव्हतं! मग ब्रिजला हो म्हणाले. हाच हिशोब प्रत्येकाने आपापल्या शेजारच्या दातांचा करावा असं माझं मत आहे, मैत्रिणीने बसवला म्हणून आपण बसवायचा असं नाही.

माप घेताना तो गुलाबी लगदा तोंडात कोंबतात तेव्हा उमासे येतात, त्यावर उपाय म्हणजे मान थोडी पुढे झुकवून नाकाने श्वास घ्यायचा आणि पायाची बोटं हलवत बसायचं (हसू नका, लक्ष तिकडे जातं). रंग ठरवायला दाताच्या नमुन्यांची पट्टी असते, ए पासून डी पर्यंत मिळून १६ छटा. सगळ्यांना ए-१ हवा असतो, पण चहा पिणाऱ्या तोंडात एकच दाढ लख्ख पांढरी किती विचित्र दिसेल विचार करा. रंग दिवसाउजेडी खिडकीपाशी बघा, ट्यूबलाइटखाली फसगत होते, आणि लिपस्टिक पुसून जा.

आता आईचं. तिच्या खालच्या दोन्ही बाजूच्या दाढा गेलेल्या, शेवटचे दात म्हणजे सुळ्यामागचे दोन छोटे. तिचा हट्ट ब्रिजचाच होता. शेवटी डॉक्टर म्हणाले, "काकू, पूल बांधायला दोन्हीकडे खांब लागतात, तुमच्या मागे खांबच नाही, मी पूल टेकवू कशावर?" पुढच्या दाताला मागे खोटी दाढ नुसती लटकवली तर प्रत्येक घासाला त्या दातावर इतका ताण येतो की तोही हलायला लागतो. तेव्हा कुठे तिला पटलं, तरी घरी येऊन "अगं, कवळी म्हणजे म्हातारीच झाले की मी" सुरूच.

कवळीत पण तीन प्रकार निघाले. साधी गुलाबी ॲक्रिलिकची तारा लावलेली, सगळ्यात स्वस्त पण जाड, आणि पडली की तुटते. दुसरी फ्लेक्सिबल, नायलॉनसारखी, तार दिसत नाही म्हणून लोकांना फार आवडते, पण पुढे अजून एक दात गेला तर त्यात वाढवणं कठीण आणि हिरडी झिजली की कवळी आतून भरून घेणंही कठीण. तिसरी कास्ट पार्शल, कोबाल्ट-क्रोमियमचा पातळ सांगाडा, जिभेखालून एक बारीक पट्टी जाते आणि उरलेल्या दातांवर छोटे टेकू बसतात, त्यामुळे चावायचा थोडा भार दातांवर जातो, सगळा हिरडीवर येत नाही. आईला ही केली. महाग पडली, पण मला विचाराल तर ज्यांचे बाकीचे दात मजबूत आहेत त्यांनी हीच करावी.

सुरुवातीला तोंडात नुसती लाळ, मग एका जागी टोचायला लागलं. टोचतं म्हणून कवळी डबीत ठेवून डॉक्टरकडे जाऊ नका, जायच्या आधी काही तास घालून ठेवा म्हणजे हिरडीवर खूण दिसते आणि नेमकं तिथेच घासता येतं. आणि घरी कानस, ब्लेड काही लावू नका! आमच्या शेजारच्या काकांनी लावली होती कानस, पुढे ती कवळी बसेचना.

रात्री काढून पाण्यात ठेवायची, नाहीतर खाली बुरशी धरते. पाणी साधंच, उकळतं घातलं तर वाकडी होते. पेस्टने घासली तर चरे पडतात, त्यापेक्षा मऊ ब्रश आणि साबण, आणि धुताना बेसिनमधे थोडं पाणी भरून घ्या, हातातून सटकली तरी फुटणार नाही. लग्नात जेवताना टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवू नका, वाढपी उचलून नेतात. एक-दोन दातांची अगदी छोटी कवळी घालून तर झोपूच नका, गिळली जाऊ शकते आणि साधं ॲक्रिलिक एक्स-रेत दिसत नाही.

ब्रिज पक्का असला म्हणून काळजी संपली असं नाही हां. कॅपच्या कडेला कीड लागू शकते, आणि खोट्या दाढेखाली अन्न साठतं, तिथे साधा ब्रश पोचत नाही. मी सुपरफ्लॉस (दातांत ओवायचा दोरा) वापरते, टोक कडक असतं त्यामुळे सुईसारखं खालून ओवता येतं. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे एका बाजूची कॅप सुटते, दुसरी धरून ठेवते, ब्रिज काही पडत नाही, आणि आत दात सडत राहतो. रूट कॅनाल केलेला असेल तर दुखतही नाही. चावताना तिथून पाणी दाबल्यासारखं वाटलं किंवा घाण चव आली तर लगेच दाखवा, आणि पडलाच ब्रिज तर फेविक्विकने चिकटवू नका प्लीज, अशी माणसं खरंच असतात.

पैशाचं टेन्शन असेल आणि मुंबईत असाल तर नायर डेंटल कॉलेज किंवा सरकारी डेंटल कॉलेज बघा, विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली करतात, वेळ जातो पण खर्च बराच कमी.

आई आता भाकरी खाते, चिवड्यातले शेंगदाणे मात्र अजून बाजूला काढते. मागचा भाग हिरडीवरच टेकलेला असल्याने हाड झिजलं की कवळी तिथे डुगडुगते आणि आतून भरून घ्यावी लागते. तिची परवा थोडी हललीच, दिवाळीच्या आधी नेणार आहे तिला.