आमची वाटचाल : मिरजोळ्याचा गाळा आणि उंदराचं एन्झाइम

रत्नागिरीत मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आमचा छोटा गाळा आहे, तिथे आम्ही चौघं मिळून उंदराचं एलडीएच-ए बनवतो, म्हणजे लॅक्टेट डिहायड्रोजिनेज, पेशीतली एक रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रोटीन, अर्थात एन्झाइम. हे ऐकलं की प्रश्न ठरलेला, उंदीर कुठे ठेवलेत? शेजारच्या काजूवाल्या काकूंनी पण पहिल्याच दिवशी हेच विचारलं. उंदीर एकही नाही हो काकू, त्याचा फक्त जीन, तोही ऑर्डर देऊन बनवून घेतलेला, तो प्लाझ्मिडमधून, म्हणजे डीएनएच्या छोट्या गोल तुकड्यातून, ई. कोलाय बॅक्टेरियात घालायचा, प्रोटीन बनवणं सुरू करायला आयपीटीजी नावाचं रसायन टाकून १८ डिग्रीला रात्रभर शेकरवर ठेवायचं, सकाळी बॅक्टेरिया फोडून निकेल कॉलमवरून, म्हणजे आपलं प्रोटीन धरून ठेवणाऱ्या नळीतून, आपलं प्रोटीन वेगळं काढायचं.

कॅन्सरच्या पेशी ऑक्सिजन असतानाही ग्लुकोजचं लॅक्टेट करत सुटतात हे जर्मन शास्त्रज्ञ वारबुर्गने १९२० च्या दशकात दाखवलं, आणि त्यातली शेवटची पायरी, ग्लुकोज तुटून झालेल्या पायरुवेटचं लॅक्टेट, हेच एन्झाइम करतं. त्याला अडवणारी औषधं शोधणाऱ्या लॅबना ते लागतं. सशाच्या स्नायूतलं बाजारात सहज मिळतं, पण ज्यांचं सगळं काम उंदरावर चाललंय त्यांना उंदराचंच हवं असतं.

पुण्यातली नोकरी सोडून २०१७ ला परत आले. बाबांनी त्या वर्षीच्या आंब्याचे पैसे दिले त्यातून जुना स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजायचं यंत्र, घेतला, तो अजून चालतोय.

पहिल्या बॅचचा जेल, म्हणजे प्रोटीन आकारानुसार वेगळी दाखवणारी चाचणी, बघून आम्ही पेढे वाटले होते. ३६ किलोडाल्टनच्या (प्रोटीनच्या वजनाचं माप) जरा वर, हवा तिथेच, एकच ठसठशीत बँड, बाकी काही नाही. माल फ्रीझ करून ड्राय आइसमध्ये पाठवला, आणि ड्राय आइस मुंबईहून मागवायचा म्हणजे इथे येईपर्यंत निम्मा उडालेला. आठवड्याने फोन आला, मॅडम प्रोटीन आहे पण काम करत नाहीये. आम्हाला वाटलं वाटेत वितळलं असणार, पुढच्या वेळी दुप्पट ड्राय आइस भरला, तरी तेच. तिसऱ्या लॅबची तक्रार आली तेव्हा मात्र मी रात्री एकटीच बसून आमच्याच ट्यूब तपासल्या. क्युव्हेटमध्ये, म्हणजे यंत्रात ठेवायच्या पारदर्शक छोट्या डबीत, पायरुवेट आणि या क्रियेत खर्च होणारं एनएडीएच घ्यायचं, एन्झाइम टाकायचं, एनएडीएच ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं, ते संपत जाईल तसं तिथलं रीडिंग भराभर उतरायला हवं. ताज्या मालाचं धाडकन उतरलं, त्याच बॅचची फ्रीझ करून वितळवलेली ट्यूब मात्र नुसती रेंगाळत राहिली. म्हणजे वाटेत काही झालं नव्हतं, आमच्या फ्रीझरमध्येच झालं होतं. हे एन्झाइम चार तुकड्यांचं असतं, पातळ द्रावणात गोठवलं की त्याची घडी मोडते, वर आमचा बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, सोडियम फॉस्फेटचा, तो गोठताना त्यातलं एक मीठ आधी बाहेर पडतं आणि पीएच खाली जातो. हे सगळं मी शिकताना वाचलेलं होतं. तिन्ही लॅबचे पैसे परत केले, ते वर्ष फार जड गेलं.

मग अमोनियम सल्फेटवर आलो, म्हणजे या क्षाराच्या दाट द्रावणात एन्झाइम न विरघळता तरंगत ठेवायचं, सशाचं एलडीएच असंच मिळतं. दुधासारखं पांढरट दिसतं, ४ डिग्रीला ठेवायचं, गोठवायचं अजिबात नाही, साध्या जेल पॅकमध्ये पाठवता येतं. कुणाच्या प्रयोगाला अमोनियम चालत नसेल तर त्यांनी वापरण्याआधी ते काढून टाकायचं. आणि लेबलवर नुसते मिलिग्रॅम लिहिणं बंद केलं, युनिट लिहितो, २५ डिग्रीला मिनिटाला किती मायक्रोमोल पायरुवेट खातं ते, प्रत्येक लॉटचं वेगळं मोजून.

मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळामध्ये लाईट गेली ती लवकर येईना, इन्व्हर्टर पण बसला. आमच्याकडच्या मुलाचा भाऊ मिरकरवाडा बंदरात मासेमारीच्या बोटीवर असतो, वादळामुळे बोटी बंदरातच होत्या आणि बर्फ पडून होता, त्याने लाद्या आणून दिल्या. मासळीच्या थर्माकोलच्या पेट्यांत फोडलेला बर्फ, त्यात ट्यूबचे रॅक, दिवसातून दोनदा पाणी काढून नवा बर्फ भरायचा. लाईट आल्यावर एकेक लॉट क्युव्हेटवर घेतला, आकडे आधीचेच आले. मायनस ऐंशी डिग्रीच्या फ्रीझरमधले बॅक्टेरियाचे स्टॉक मात्र गेले, ते प्लाझ्मिडवरून पुन्हा करावे लागले. आता प्लाझ्मिडची एक ट्यूब पावसला आईच्या फ्रीजमध्येही असते.

सध्या याच एन्झाइमचा दुसरा प्रकार, उंदराचं एलडीएच-बी, करायला घेतलंय, ते हृदयाच्या स्नायूत जास्त असतं. मागच्या आठवड्यातला बँड छान आलाय, पण सहा महिने ४ डिग्रीला ठेवून दर महिन्याला क्युव्हेटवर बघितल्याशिवाय ते विकायला काढणार नाही, दोन लॅब विचारतायत तरी.