निफाडचा गारठा आणि मामांची बाग

कसाऱ्याला पंचवटी एक्स्प्रेसच्या मागे बँकर इंजिनं लागली आणि गाडी घाट चढायला लागली. ठाण्याला पंख्याखाली जागा मिळावी म्हणून धडपडणारे लोक इगतपुरी येईस्तोवर खिडक्या ओढून घेत होते. जानेवारीत मुंबईकडून नाशिकला जाताना ऋतू बदलतो तो याच टप्प्यात. मला हा प्रवास लहानपणापासून आवडतो. मुंबई-नाशिक हायवेनं घाटातल्या ट्रकांच्या रांगेत ताटकळत जाण्यापेक्षा कितीतरी बरा.

नाशिकरोडला मामेभाऊ पिकअप घेऊन आला होता. तिथून निफाडकडे जाताना काच बंद असूनही पायांना गारठा लागत होता. थंडीच्या दिवसांत निफाडचं नाव पेपरात असतंच. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला ते दुसऱ्या दिवशी छापून येतं. आणि मग आमच्याकडे मुंबईत लोक म्हणतात, ‘व्वा, काय मस्त थंडी!’ मला ते ऐकवत नाही. ज्यांच्या द्राक्षांत पाणी उतरलंय, म्हणजे मणी मऊ होऊन गोडी भरायला लागलीय, त्यांच्या घरी त्या रात्री कोणी झोपत नाही.

पहाटे तीनला अंगणात पावलं वाजली म्हणून उठले. मामी चुलीशी चहा ठेवत होती. “तू कशाला उठली? पड गं, लई गार हाय,” म्हणाली, पण तोवर तिनं माझ्या अंगावर स्वतःची घोंगडी टाकलीही होती. मामा, दादा आणि वहिनी बागेत गेले होते. बागेतल्या तारेला टांगलेला तापमापक साडेचार अंश दाखवत होता.

रात्री आभाळ निरभ्र असलं की जमीन दिवसभराची ऊब भराभर सोडून देते. गार हवा जड, त्यामुळे ती गोदाकाठच्या सखल शिवारात येऊन साचते. अशा रात्रीनंतर दुपारी कडक ऊन पडलं की मणी तडकतात. एका घडात चार मणी तडकले तरी व्यापारी अख्खा घड बाजूला काढतो. थंडीनं थॉमसन जातीच्या हिरव्या मण्यांवर गुलाबी झाक आली तर निर्यातीचा माल लोकल बाजारात जातो. म्हणून कितीतरी घड कागदात गुंडाळलेले होते. एकेक घड हातानं गुंडाळायचा, मजुरी देऊन. शहरात द्राक्षांच्या भावावर घासाघीस करणाऱ्यांनी ते काम एकदा पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

बांधाच्या कडेनं, वारा ज्या बाजूनं येतो तिथं, काडीकचऱ्याच्या शेकोट्या पेटवल्या होत्या. वर थोडा ओला पाला टाकायचा, म्हणजे जाळ कमी आणि धूर जास्त. धूर बागेवर पसरून राहिला की ऊब लवकर निसटत नाही, असं मानतात. दादानं मोटार चालू करून ठिबकनं पाणी सोडलं. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं. वहिनी एका शेकोटीवरून दुसरीवर पाला टाकत फिरत होती. धुरानं सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते.

“गेल्या आठवड्यात ढग आलं व्हतं, तव्हा डावणी रोगाची भीती,” मामा म्हणाले. “ढग गेलं, तर आता ही थंडी.”

मग, शेकोटीत काडी सरकवत, ते त्याच आवाजात म्हणाले, “यंदा एप्रिलात पुढच्या हंगामाची खरड छाटणी अर्ध्याच बागेची करायची. रस्त्याकडली काढून टाकतो. तुझ्या आईला तूच सांग. मला फोनवर नाही जमायचं.”

मामी चहाचे पेले घेऊन आली होती. तिनं मान वळवली. ती बाग मी दहावीत असताना लावलेली. खड्डे खणताना आई इथंच होती, महिनाभर. मामांचे गुडघे गेलेत, मजूर मिळत नाहीत, औषधांचा खर्च फिटत नाही, हे सगळं मला फोनवर तुकड्यातुकड्यानं कळत आलं होतं. दादाला नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात काम मिळालंय, तो फेब्रुवारीपासून जाणार. वहिनीला दिवस गेलेत, हेही तिथंच कळलं. मामीनं अगदी हळू सांगितलं आणि लगेच माझ्या हातात पेला दिला. आनंदाची बातमी आणि बाग काढायची बातमी, दोन्ही एकाच शेकोटीशी. मी मामांचा हात धरून बसले. “मामा, तुम्ही बरोबर करताय,” एवढंच म्हणाले, आणि आजही मला तसंच वाटतं. बाग पोराच्या आणि सुनेच्या जिवापेक्षा मोठी नाही.

उजाडल्यावर पारा चढला, मणी वाचले. पुढचा दिवस नाशकात गेला: रामकुंड, काळाराम, पंचवटीत गरम मिसळ. नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायचं राहून गेलं. ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), मामांच्या गावापासून अगदी जवळ, आणि थंडीत तिथं दूरदेशीचे पक्षी उतरतात.

परतीला मामीनं नको नको म्हणत असताना लवकर तयार झालेल्या घडांची पेटी बांधून दिली. ठाण्याला पोचल्यावर आईला सगळं सांगितलं. नातवंडाचं ऐकून ती हसली, हात जोडले. बागेचं सांगितल्यावर बराच वेळ पेटीवरचा कागद सरळ करत राहिली. मग विचारलं, “विहिरीकडची ठेवतोय ना?”

“हो.”

“मग काढायच्या आधी मी जाते. एप्रिलची तिकिटं बघ.”

दोघींची तिकिटं काढली आहेत. सकाळची गाडी आहे, उन्हाच्या आत पोचू.