रसग्रहणाला चारपैकी दोन

मी इचलकरंजीत दहावीला मराठी शिकवते, 19 वर्षं झाली. मध्यंतरी आमच्याकडे पूर्वपरीक्षेचे पेपर दाखवायला पालकांना बोलावलं होतं, आणि त्या दिवसापासून एक पेपर काही डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

पेपर दाखवायच्या दिवशी रांगा लागतात त्या गणित आणि विज्ञानाच्या टेबलापुढं. मराठीच्या टेबलाशी येतात ते जाता जाता, आणि विचारतात काय तर कुठलं गाईड घेऊ. मराठीत काय अभ्यास करायचा, घरात बोलतोच की, हे तर दरवर्षी ऐकते. मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, की लेखी पेपर 80 चा, त्यात गद्य 18, पद्य 16, स्थूलवाचन 6, भाषाभ्यास 16 आणि उपयोजित लेखन 24. म्हणजे निबंध, पत्र, बातमी असलं जे कुठल्याही धड्यात नाही त्याला सगळ्यात जास्त गुण आहेत, ते पाठ करून येत नाही, ते घरी बसून लिहून बघावं लागतं, घड्याळ लावून. ऐकतात बिचारे, मान डोलावतात आणि गणिताच्या रांगेत जाऊन उभे राहतात.

त्या दिवशी साडेअकराला एक पालक आले. थेट माझ्याच टेबलाशी. डोळे लाल, शर्टाच्या बाहीला कापसाचे तंतू, रात्रपाळी करून न झोपता आलेले. यंत्रमागावर कामाला आहेत, बारा तासांची पाळी, सहा माग सांभाळतात. मुलाचा पेपर काढून दिला तर त्यांनी बाकी काही न बघता रसग्रहणाचं, म्हणजे कवितेच्या दिलेल्या ओळींतलं सौंदर्य उलगडून लिहायच्या प्रश्नाचं पान उघडलं. पोरानं घरी सांगितलेलं असणार.

"मॅडम, ह्याला दोनच का दिलं? कुणाचं बघून लिवलंय का त्यानं?"

मी म्हटलं, "नाही हो, उलट वर्गात ह्या एकानंच कुणाचं बघून लिहिलेलं नाही."

"मग?"

ह्या 'मग'ला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

रसग्रहण चार गुणांचं असतं. नारायण सुर्व्यांच्या 'दोन दिवस'मधल्या ओळी होत्या, भाकरीच्या चंद्राच्या. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं असे तीन मुद्दे यावे लागतात, कवीचं आणि कवितेचं नाव यावं लागतं, मुक्तछंद आहे, रूपक आहे हे लिहावं लागतं. ह्यानं त्यातलं काहीच लिहिलं नव्हतं. त्यानं लिहिलं होतं की माझे पप्पा रात्रपाळीला जातात, कारखान्याला वर पत्रा आहे आणि आत ट्यूबलाइट, त्यामुळं पौर्णिमा असली तरी त्यांना कळत नाही, त्यांचा चंद्र डब्यात असतो आणि बारा वाजता ते तो उघडतात. असं पाऊण पान. बाकीच्यांनी 'कष्टकऱ्यांच्या जीवनाचे विदारक चित्रण' असं एकाच गाईडातलं एकच वाक्य लिहिलं होतं, त्यांना मी तीन-तीन गुण दिले होते. का, तर मुद्दे होते.

आणि ते वाक्य फक्त गाईडातून येत नाही. आमच्यातलेच काहीजण फळ्यावर रसग्रहण लिहून देतात, आठ कविता आठ उत्तरं, पाठ करा म्हणतात. निकाल चांगला लागतो त्यांचा, त्यामुळं कोण बोलणार. पण पंधरा वर्षांच्या पोराला कविता वाचून काय वाटलं हे कुणी विचारायचंच नाही आणि 'मला भावलेले सौंदर्य' मात्र त्यानं पाठ करून लिहायचं, ह्याचा मला खरंच त्रास होतो.

तर ते पालक ते पाऊण पान वाचत बसले. बोट ठेवून, हळूहळू, ओठ हलवत. सातवीपर्यंत शिकलेत. वाचून झालं आणि बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "एक चुकलंय त्याचं. मी बाराला कुठं खातोय, दोन वाजत्यात. सुताच्या कांड्या संपत असत्यात, धोट्यात दुसरी घालूस्तोवर बाजूचा माग थांबतोय. मीटरवर पगार हाय, माग थांबून चालतंय व्हय."

मी त्यांना सांगितलं की ही कविता ज्यांनी लिहिली ते मुंबईत रस्त्यावर सापडलेलं बाळ होते, एका गिरणी कामगारानं उचलून घरी नेलं, वाढवलं, आडनाव दिलं, मोठेपणी त्यांनी शाळेत शिपायाचं काम केलं, मग मास्तर झाले आणि 1995 ला परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ते म्हणाले, "म्हंजे आपल्यातलंच की." आणि परत पान बघायला लागले.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला ज्यासाठी मी खरं तर दरवर्षी वाट बघत असते. "मला काय त्यातलं येत न्हाई. मी घरात काय करू ते सांगा."

मी म्हटलं, "तुम्हाला येण्याची गरजच नाही. तो एक कविता मोठ्यानं वाचून दाखवेल, तुम्ही फक्त ऐका आणि जे कळलं नाही ते त्याला विचारा. तुम्हाला समजावता समजावताच त्याला उत्तर सापडतं." रोज पंधरा मिनिटं, पाळीला जायच्या आधी. तपासू नका, गाईडशी ताडून बघू नका. आणि शेवटी हेही सांगितलं, जे सांगायचं कामच आहे माझं, की पहिल्या ओळीत कवीचं नाव येऊ दे, तीन परिच्छेद पडू देत, दहा मिनिटांत संपू दे, बोर्डात पेपर तपासणाऱ्यासमोर गठ्ठा असतो. त्यांनी मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढला, दोनदा काढला, पहिला हलला होता म्हणून.

आठ दिवसांनी पोरगा नवीन रसग्रहण घेऊन आला. कवीचं नाव, तीन परिच्छेद, रूपक, मुक्तछंद, अक्षर सुद्धा सुधारलेलं. नेमात चारपैकी चार. डबा कुठंच नव्हता. कारखाना नव्हता, पत्रा नव्हता.

"काढून का टाकलंस रे?"

"पप्पा म्हणाले, त्यानं मार्क जातील."

मी काय बोलणार. त्यांना हे शिकवलं कुणी, मीच. दोन गुण मी दिले होते आणि 'पहिल्या ओळीत कवीचं नाव' पण मीच सांगितलं होतं. त्या माणसानं रात्रपाळी करून येऊन माझं ऐकलं आणि स्वतःला उत्तरातून बाहेर काढलं. पुढच्या आठवड्यात बोर्डाचा पेपर आहे, पहिला मराठीचाच, आणि त्या पोराचे दोन गुण घालवायचा मला हक्क नाही, त्याला पुढं आयटीआयला जायचंय, तिथं टक्के बघतात.

काल रात्री मी स्वतः लिहून बघितलं. आशयसौंदर्याच्या परिच्छेदात शेवटी तो डबा बसतो. दोन ओळी वाढतात, दहा मिनिटांची साडेदहा होतात. दोघांनाही उद्या बोलावलंय, पाळी सुटल्यावर. दोन वाजता डबा उघडतात, हेही दुरुस्त करून घ्यायचंय.